नवरा जर्मन, बायको झेक, साल १९३८: संवादांच्या आधी गाव आणि कागद ठरवा

एका चित्रपटाच्या पटकथेबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तर मोराव्हिया भागातलं एक गाव, साल १९३६. लिनन विणण्याच्या छोट्या कारखान्याचा जर्मन मालक फ्रान्झ आणि झेक शाळेतली शिक्षिका आना यांचं लग्न होतं. आनाची विधवा आई लितोवेलला राहते. आनाचे एक आजोबा ज्यू होते हे पुढे उघडकीला येतं आणि १९४० मध्ये तिला छळछावणीत नेतात. १९४५ च्या उन्हाळ्यात झेक क्रांतिकारक फ्रान्झला घराबाहेर काढतात. संवाद आधी मराठीत लिहून मग झेक आणि जर्मनमध्ये करून घ्यायचे आहेत. इतिहासाच्या बाजूने ही पटकथा कुठे घसरेल?

सर्वांत आधी नकाशा काढा आणि गाव नक्की करा. नुसतं 'उत्तर मोराव्हिया' चालणार नाही, कारण १९३८ नंतर तिथून एक रेघ गेली आणि रेघेच्या कुठल्या बाजूला घर आहे यावर सगळं ठरू लागलं. चेकोस्लोव्हाकियाचा सीमेलगतचा पट्टा जर्मनीला देणाऱ्या म्युनिक करारानंतर १ ते १० ऑक्टोबर १९३८ या दहा दिवसांत जर्मन सैन्याने तो टप्प्याटप्प्याने घेतला. त्यातला मोठा भाग राइशगाऊ सुडेटनलांड नावाचा जर्मन प्रांत झाला. त्याची राजधानी लिबेरेत्स, जर्मनमध्ये रायशेनबेर्ग. उरलेला झेक मुलूख हिटलरने १५ मार्च १९३९ ला घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याला 'बोहेमिया आणि मोराव्हियाचं संरक्षित राज्य' असं नाव दिलं. तिथे एमिल हाखा हे झेक राष्ट्राध्यक्ष आणि झेक सरकार नावापुरतं राहिलं.

सुडेटनमध्ये जर्मन मार्क चालत होता, जर्मन कायदा थेट लागू होता आणि पुरुषांना जर्मन सैन्यात भरती सक्तीची होती. संरक्षित राज्यात खिशात अजून कोरुना होता, झेक पुरुषांना जर्मन सैन्यात घेत नव्हते, पण मजुरीसाठी जर्मनीला पाठवत होते. पैशांचा प्रसंग लिहाल तेव्हा दर सांभाळा: सुडेटनमध्ये १९३८ ला एका कोरुन्याचे १२ फेनिग (१०० फेनिग म्हणजे एक मार्क) मिळाले, संरक्षित राज्यात १९३९ ला एका मार्काला १० कोरुना हा दर लादला गेला. या दुसऱ्या दराने जर्मन शिपायाच्या हातात इतकी ताकद आली की त्याने झेक दुकानं रिकामी केली.

माझी शिफारस झाब्र्झेह गावाच्या आसपासची. जर्मन नाव होहेनश्टाट. झेक वस्ती जास्त असूनही हा भाग जर्मनीत गेला, त्यामुळे तुमच्या फ्रान्झच्या कारखान्यात झेक मजूर असणं अगदी स्वाभाविक ठरतं, आणि लितोवेल रेघेच्या पलीकडे, संरक्षित राज्यात राहतं. आईचं घर जवळच, पण मध्ये सीमा. १ ऑक्टोबर १९४० पर्यंत तिथे जकातीची सीमासुद्धा होती. ती उठल्यावरही ये-जा करायला परवाना लागत होता. रविवारी आईला भेटायला जाणं ही साधी गोष्ट आनाला दरवेळी एका शिक्क्याच्या दयेवर सोपवावी लागते. या एका परवान्यातून तुम्हाला तीन-चार प्रसंग मिळतील, आणि ते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलतील.

आता नागरिकत्व. या विषयावरच्या बहुतेक पटकथांचं घोडं इथेच पेंड खातं. झेक मुलखात दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात: तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक आहात ही एक, आणि तुम्ही कुठल्या राष्ट्राचे, म्हणजे साधारणपणे कुठल्या मातृभाषेचे, ही दुसरी. दुसरीला झेकमध्ये 'नारोदनोस्त' म्हणतात. १९३० च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकियात तीस लाखांहून जास्त माणसांची नारोदनोस्त जर्मन होती, पण नागरिक ते चेकोस्लोव्हाकियाचेच होते. फ्रान्झ त्यांच्यातला.

२० नोव्हेंबर १९३८ च्या जर्मनी-चेकोस्लोव्हाकिया करारानुसार जोडलेल्या पट्ट्यात १ जानेवारी १९१० च्या आधी जन्मलेला आणि तिथेच राहणारा माणूस १० ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन नागरिक ठरला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही. म्हणून फ्रान्झचा जन्म १९०६ चा ठेवा. आना कुठेही सही न करता जर्मन नागरिक होते. चेकोस्लोव्हाक नागरिकत्व निवडण्याची मुदत २९ मार्च १९३९ पर्यंत होती, आणि ती संपण्याच्या दोन आठवडे आधी तो देशच नाहीसा झाला. हे तुम्ही रचायला गेलात तर कुणी विश्वास ठेवणार नाही. इतिहासाने ते आयतं दिलं आहे.

मग येतो १७ मे १९३९. त्या दिवशी जर्मन राइशची जनगणना झाली, सुडेटन धरून, आणि अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना होता. कुटुंबाची यादी कुटुंबप्रमुख भरणार. तुमच्या चित्रपटाचा कणा हा प्रसंग व्हायला हवा. स्वयंपाकघरातलं टेबल, फ्रान्झच्या हातात टाक, स्वतःपुढे त्याने 'जर्मन' लिहिलं आहे, पोरापुढे लिहिलं आहे, आणि आनाच्या ओळीवर टाक थांबली आहे. 'जर्मन' लिहिलं तर नोकरी, पोराची शाळा, परवाने सगळं सोपं. 'झेक' लिहिलं तर उद्या कुणीतरी विचारणार. तो तिला न विचारता 'जर्मन' लिहितो, प्रेमापोटी लिहितो, आणि १९४५ मध्ये हीच ओळ तिच्या गळ्याशी येते. खलनायकाची गरज नाही.

आनाला १९४० मध्ये छळछावणीत नेणं मात्र काढून टाका. ज्यू कोण हे वंशावरून ठरवणारे नाझींचे न्युरेंबर्ग कायदे सुडेटनमध्ये २७ डिसेंबर १९३८ ला लागू झाले, हे खरं. पण एकच आजी किंवा आजोबा ज्यू असलेल्या व्यक्तीला त्या कायद्यात दुसऱ्या श्रेणीची मिश्र म्हणत. तिच्यावर नोकरीत, पक्षात बंधनं येत. तेवढ्या कारणाने तिला छावणीत पाठवत नसत, आणि आधी झालेलं लग्न आपोआप मोडत नसे. तारीखही जुळत नाही: संरक्षित राज्यातून पद्धतशीर हद्दपारी ऑक्टोबर १९४१ मध्ये पोलंडमधल्या वुच शहराकडे सुरू झाली आणि तेरेझिनच्या घेट्टोकडे नोव्हेंबरमध्ये.

तुम्हाला ज्यू धागा ठेवायचा असेल तर तो आईकडे न्या. आईचे दोन्ही आईवडील, पर्यायाने चारही आजी-आजोबा ज्यू असतील, तर २१ जून १९३९ च्या फर्मानाने संरक्षित राज्यात आई ज्यू ठरते. तिने लग्नाच्या वेळी कॅथलिक धर्म घेतला असला तरी. तिचा झेक ख्रिश्चन नवरा जिवंत असता तर संमिश्र विवाहाने तिला बराच काळ वाचवलं असतं. पण ती विधवा आहे, म्हणजे ते छत्र गेलं. ओलोमोउत्स शहरातून तेरेझिनला २६ जून ते ८ जुलै १९४२ या काळात चार गाड्या गेल्या, आणि लितोवेल त्याच भागात येतं. तिथून बहुतेकांना पुढे पूर्वेकडच्या हत्याकेंद्रांत पाठवलं गेलं. आना स्वतः मग दोन ज्यू आजी-आजोबांची, पहिल्या श्रेणीची मिश्र ठरते. धोका खरा, पण टांगता. फ्रान्झबरोबरचं तिचं लग्न तिला वाचवत राहतं, आणि ती त्याच्यावर अवलंबून आहे याची दोघांनाही जाणीव आहे. संमिश्र विवाह म्हणजे नेमकं काय होतं ते इथे दिसतं.

हे उघडकीला कसं येतं तेही नीट दाखवा. गुप्तहेर नको. वंशशुद्धीच्या दाखल्यासाठी साधारण सात जन्मदाखले लागत: स्वतःचा, आईवडिलांचे दोन, आजी-आजोबांचे चार, शिवाय तीन विवाहदाखले. हे दाखले गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्यांतून काढून आणावे लागत. फ्रान्झला एखाद्या पदासाठी बायकोचेही कागद द्यायचे आहेत. तो पाद्रीकडे जातो, पाद्री वही उघडतो आणि आनाच्या आईचा बाप्तिस्मा वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या आठवडाभर आधी झाल्याचं दिसतं. तान्ह्या मुलांच्या नोंदींमध्ये एक मोठी बाई. पाद्रीने वही मिटली तर काय आणि नक्कल लिहून दिली तर काय, एवढाच प्रश्न. कॅमेरा वहीवर ठेवा.

फ्रान्झला सैन्यापासून काय वाचवतं याचाही विचार करा. कारखानदाराला 'उत्पादनासाठी आवश्यक' ठरवून भरतीतून सूट मिळत असे. ती सूट स्थानिक पुढाऱ्याच्या शब्दावर टिकते किंवा जाते. पुढाऱ्याच्या हातात सूट आणि फ्रान्झच्या घरात झेक बायको, यातून दबाव आपोआप तयार होतो. नव्याने लग्न करणाऱ्यांचं आणखी कठीण: नाझी पक्षाचे सदस्य, सैनिक आणि सरकारी नोकर यांना झेक मुलीशी लग्न करायचं तर आधी परवानगी लागे, आणि तिच्या 'वांशिक' तपासणीला सामोरं जावं लागे. एखादं दुय्यम जोडपं हवं असेल तर त्यांच्यासाठी हे वापरा. फ्रान्झ-आनाचं लग्न १९३६ चं असल्यामुळे ते यातून सुटतात. आनाची नोकरी मात्र १९३८ मध्येच गेलेली दाखवा. सुडेटनमधल्या झेक माध्यमिक शाळा बंदच झाल्या.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मराठीत लिहिण्याचा तुम्हाला इथे मोठा फायदा आहे. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी', झेकमध्ये 'ती' आणि 'वी': हा आपला 'तू' आणि 'तुम्ही' यांचाच भेद. इंग्रजी मसुद्यात तो मरतो. म्हणून मराठीवरून थेट झेक आणि जर्मन करून घ्या, मधे इंग्रजी आणू नका, आणि मसुद्यात प्रत्येक पात्र कुणाला तू म्हणतं, कुणाला तुम्ही, याचा तक्ता सोबत द्या. फ्रान्झचा जुना झेक विणकर त्याला नऊ वर्षं 'तुम्ही' म्हणतो. मे १९४५ मध्ये बंदूक घेतलेला एक पोरगा फ्रान्झच्या म्हाताऱ्या आईला 'तू' म्हणतो. त्या एका शब्दाने जे होतं ते थप्पड मारून होणार नाही.

फ्रान्झला झेक उत्तम यायला हवं. त्या भागात जर्मन आणि झेक कुटुंबं आपली मुलं वर्षभरासाठी अदलाबदलीने एकमेकांकडे ठेवत, भाषा शिकायला. झेकमध्ये याला 'ना हांडल' जाणं म्हणत. फ्रान्झ लहानपणी असा लितोवेलला राहिला असेल, तर दोघांची ओळखही तुम्हाला फुकट मिळते. त्याचं झेक फक्त 'र्झ' या अक्षरावर अडखळतं, आणि १९४५ मध्ये तेच अक्षर त्याला उघडं पाडतं. त्याच्या जर्मनला बर्लिनचा हेल देऊ नका. उत्तर मोराव्हियाची जर्मन बोली सिलेशियन वळणाची, आणि कार्यालयीन भाषेत ऑस्ट्रियन शब्द: जानेवारीला 'यानुआर' नाही, 'येनर'. बर्लिनचा हेल बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला द्या. गावातले जर्मनसुद्धा त्याला परका समजतात हे आपसूक कळेल.

नावांवरून कुणाची नारोदनोस्त ठरवू नका. सुडेटन जर्मनांचा पुढारी कोनराड हेनलाइन याच्या आईचं माहेरचं आडनाव झेक होतं, द्वोर्झाचेक. आना लग्नानंतर जर्मन कागदांत 'फ्राउ वेबर' आणि झेक कागदांत 'वेबेरोव्हा' असेल. गावांनाही दोन नावं आहेत, आणि कुठलं नाव कोण घेतं हे प्रत्येक संवादात जपा. आजच्या नकाशावरून नावं उचलू नका: येसेनिक शहराचं नाव १९४७ पर्यंत झेकमध्येही फ्रिवाल्डोव्ह असंच होतं.

दृश्यांतल्या चुका पटापट सांगतो. चेकोस्लोव्हाकियात गाड्या डाव्या बाजूने चालत, आपल्यासारख्या. जोडलेल्या पट्ट्यात ऑक्टोबर १९३८ मध्ये त्या उजवीकडे गेल्या, संरक्षित राज्यात १७ मार्च १९३९ ला आणि प्राग शहरात २६ मार्चला. म्हणजे १९३६ च्या वरातीची मोटार डावीकडून, आणि ऑक्टोबर १९३८ नंतर तीच उजवीकडून. संरक्षित राज्यातल्या पाट्या दुभाषी, वर जर्मन, खाली झेक. सुडेटनमध्ये फक्त जर्मन. आईच्या घरातल्या रेडिओच्या बटणाला एक पुठ्ठ्याची चकती टांगा: परदेशी केंद्र ऐकण्याला तुरुंग किंवा मृत्यूची शिक्षा आहे असा छापील इशारा त्यावर असे. पुढे रेडिओतला लघुलहरींचा भाग सक्तीने काढून घेतला गेला, तेव्हा लोकांनी घरीच तारा गुंडाळून तो पुन्हा बसवला. त्या तुकड्याला 'चर्चिल्का' म्हणत. तो काडेपेटीएवढा तुकडा आनाच्या हातात द्या. २७ मे १९४२ ला संरक्षित राज्याचा जर्मन कारभारी हायड्रिख याच्यावर हल्ला झाल्यावर लावलेल्या पत्रकांचा रंग लाल, मजकूर दोन भाषांत, आणि त्यावर मृत्युदंड दिलेल्यांची नावं.

आता १९४५. इथे तुमच्याकडे फक्त 'झेक क्रांतिकारक' आहेत, आणि तेवढ्याने प्रसंग सपाट होतो. मे महिन्यात गावात येणारे लोक निदान चार प्रकारचे: सोव्हिएत लाल सैन्याचे शिपाई, स्थानिक राष्ट्रीय समिती, जिच्यात फ्रान्झला ओळखणारी माणसं आहेत, बाहेरून आलेले 'क्रांतिकारी रक्षक', आणि जर्मनांची रिकामी होणारी घरं, कारखाने बघायला आलेले लोक, ज्यांना झेक लोकच 'झ्लातोकोपोव्हे' म्हणजे सोनं खणणारे म्हणत. फ्रान्झचा कारखाना १९ मे १९४५ च्या फर्मानानुसार 'राष्ट्रीय प्रशासका'च्या ताब्यात जाईल. हा प्रशासक कोण होणार, यावर त्याचं नशीब ठरतं. समितीत बसलेला जुना विणकर त्याच्या बाजूने बोलू शकतो, पण कारखाना हवा असलेला माणूसही त्याच समितीसमोर उभा आहे.

जर्मनांना दंडावर पांढरी पट्टी बांधावी लागे, काही ठिकाणी त्यावर 'न' हे अक्षर, नेमेत्स म्हणजे जर्मन या शब्दाचं. आकार आणि नियम गावागणिक वेगळे, त्यामुळे तुमच्या गावाचा एक नियम ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. शिधापत्रिका युद्धात ज्यूंना मिळत तशाच तुटपुंज्या. झेक बायको असलेल्या घरात मग एकाच टेबलावर दोन प्रकारच्या पत्रिका येतात. आना आपल्या वाट्याचं दूध फ्रान्झच्या आईच्या कपात ओतते, आणि मुलगा ते बघतो.

कायद्याची बाजू नीट समजून घ्या, कारण शेवट तिच्यावर उभा आहे. २ ऑगस्ट १९४५ च्या ३३ क्रमांकाच्या फर्मानाने जर्मन नारोदनोस्तच्या लोकांचं चेकोस्लोव्हाक नागरिकत्व गेलं. बायका आणि अल्पवयीन मुलं यांचा विचार स्वतंत्रपणे करायचा होता, आणि चेकोस्लोव्हाक नागरिकांच्या जर्मन बायकांच्या अर्जांकडे मेहेरनजरेने बघावं असं फर्मानातच लिहिलं होतं. झेक नवऱ्याच्या जर्मन बायकोला जी ढाल मिळाली, ती जर्मन नवऱ्याच्या झेक बायकोला आपल्या नवऱ्यावर धरता येत नव्हती. आनाला आधी स्वतःचं बघावं लागतं: १९३९ च्या यादीत ती 'जर्मन' आहे. ते दबावाखाली किंवा विशेष परिस्थितीत झालं असं दाखवून जिल्हा समितीकडून 'राष्ट्रीय विश्वासार्हतेचं' प्रमाणपत्र मिळवायचं, आणि त्यावर गृहमंत्रालयाची मान्यता. दबाव कुणाचा, हे तिला सांगावं लागणार. खरं उत्तर एकच आहे: यादी नवऱ्याने भरली. स्वतःला वाचवायचं तर फ्रान्झकडे बोट दाखवावं लागतं.

फ्रान्झसाठी अट आणखी कडक. नागरिकत्व आणि मालमत्ता टिकवायला एखाद्या जर्मनाला तीन गोष्टी दाखवाव्या लागत: प्रजासत्ताकाशी निष्ठा, झेक आणि स्लोव्हाक राष्ट्रांविरुद्ध कधीही अपराध केला नाही, आणि शिवाय मुक्तिलढ्यात प्रत्यक्ष भाग घेतला किंवा नाझी अत्याचार सोसला. तिसऱ्या अटीवर सज्जन माणसं पडत. फ्रान्झने मजुरांना सांभाळलं, कुणाला पकडून दिलं नाही, बायकोला वाचवलं. पण गप्प राहून केलेल्या चांगुलपणाला या कायद्यात जागा नव्हती. त्याला चोरून प्रतिकार करणारा नायक बनवायचा मोह होईल. तसं केलंत तर तो कायद्याने वाचतो आणि तुमची शोकांतिका जाते.

शेवट उन्हाळ्यातच हवा असेल तर तो 'बेकायदा हकालपट्टी'च्या काळातला, म्हणजे मे ते ऑगस्ट १९४५ चा, जेव्हा थोड्या तासांच्या सूचनेवर लोकांना पायी सीमेकडे हाकललं गेलं. ब्रनो शहरातून मे अखेरीस पायी हाकललेला जर्मनांचा जथा त्यातला सर्वांत ठाऊक असलेला. विजेत्या राष्ट्रांच्या पॉट्सडॅम परिषदेनंतरचं संघटित स्थलांतर २५ जानेवारी १९४६ ला सुरू झालं: एका गाडीला साधारण ४० डबे, डब्यात ३० माणसं, माणशी ५० किलोपर्यंत सामान. संमिश्र कुटुंबांना त्यातून साधारणपणे वगळत, पण निर्णय स्थानिक समितीच्या हातात. एकूण तीस लाखांच्या आसपास जर्मन गेले. झेक आणि जर्मन इतिहासकारांच्या संयुक्त आयोगाने मृतांचा आकडा १५ ते ३० हजार धरला आहे. पटकथेत कुणाच्या तोंडी लाखांचे आकडे घालू नका.

एका गोष्टीची काळजी घ्या. तेरेझिनच्या गाडीतही माणशी ५० किलोच सामान नेता येत होतं. आईची बॅग १९४२ मध्ये ज्या तराजूवर चढते तसाच तराजू पुढे दिसला तर प्रेक्षक दोन्ही जोडणारच. जोडू द्या, पण दोन्ही प्रसंग एकाच संगीतावर, एकाच चौकटीत घेऊ नका. एक गाडी हत्येकडे जात होती, दुसरी देशाबाहेर. हा फरक पुसला गेला तर आईवर अन्याय होईल आणि चित्रपट खोटा ठरेल.

१९४५ च्या हकालपट्टीच्या आदेशांत घराच्या किल्ल्या मागितलेल्या असत: दोरीने एकत्र बांधून, मालकाचं नाव आणि घराचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावून. शेवटचा प्रसंग म्हणून मला हेच पुरेसं वाटतं. तेच स्वयंपाकघराचं टेबल, त्यावर किल्ल्यांचा जुडगा आणि कोरी चिठ्ठी. या वेळी टाक आनाच्या हातात आहे. ती झेकमध्ये लिहिते, घराचा क्रमांक आधी, मग नाव, आणि 'फ्रान्झ' लिहायचं की त्याचं झेक रूप 'फ्रान्तिशेक', यावर तिचा हात थांबतो.